अहमदपूरला पूर आला का?

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि काही गावांना पाण्याने वेढले. पुढच्याच महिन्यात जवळजवळ सगळ्या मराठवाड्यात पावसाने पिकांची दैना केली. अशा वेळी पंचनामे होतात, अर्ज येतात, मदत करणाऱ्या मंडळींकडे लोक फोनवर गाऱ्हाणी सांगतात. अशीच एक यादी माझ्याकडे आली. लोकांनी सांगितलेले कोणीतरी ऐकून जसेच्या तसे संगणकातल्या तक्त्यात भरले होते. तालुका, नाव, तक्रार, सगळे एकाच रकान्यात. त्यातून पुराने नुकसान झालेल्यांच्या नोंदी वेगळ्या काढायचे काम माझ्याकडे होते. मी चाळणीच्या चौकटीत ‘पूर’ हा शब्द टाइप केला, कळ दाबली आणि निवडलेली यादी पुढे पाठवून दिली. दोन दिवसांनी फोन आला, “सर, तुमच्या यादीत अहमदपूरचे झाडून सगळे आहेत. मुखेडचं एकही नाव कसं नाही?”

चूक माझी होती. संगणकाने मी सांगितले तेच केले होते. पण अशी चूक करणारा मी एकटा नाही. मोकळ्या मजकुरातून ठरावीक शब्द शोधायचा, तो जिथे सापडेल त्या नोंदीवर खूण करायची आणि खुणा मोजून निष्कर्ष काढायचा, ही रीत आता कचेऱ्यांपासून शाळेच्या कार्यालयापर्यंत रुळली आहे. ती सोपी आहे, झटपट आहे आणि तिच्यातून आकडा निघतो. आकडा निघाला की शंका थांबते. ती शंका पुन्हा सुरू करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दहा नोंदी

मूळ यादीतली गाऱ्हाणी लोकांची खाजगी आहेत, ती येथे देता येत नाहीत. त्याच धर्तीच्या दहा नोंदी मी बनवल्या आहेत. तालुके मात्र खरे आहेत, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतले.

१. अहमदपूर – रेशन कार्डात नाव चुकले, दुरुस्ती व्हावी.
२. मुखेड – पुरात दोन म्हशी वाहून गेल्या.
३. रेणापूर – विहिरीत गाळ भरला, मोटार गाळात गेली.
४. निलंगा – तेरणेला पूर आला, सोयाबीन चार दिवस पाण्यात.
५. अर्धापूर – केळीच्या बागेचा विमा मिळाला नाही.
६. बिलोली – शेत खरडून गेले, बांध राहिला नाही.
७. लातूर – पूर्वीच्या अर्जाचे उत्तर आले नाही.
८. देगलूर – घरात पाणी शिरले, धान्य भिजले.
९. उदगीर – घरकुलाचे काम अपूर्ण आहे.
१०. कंधार – नदीकाठची जमीन पुराच्या पाण्याने गेली.

आता संगणकाला ‘पूर’ शोधायला सांगा. तो १, ३, ४, ५, ७ आणि ९ या सहा नोंदींवर खूण करील. मग त्याच नोंदी स्वतः वाचा. पाण्याने नुकसान झालेल्या नोंदी कोणत्या? २, ३, ४, ६, ८ आणि १०. याही सहाच!

गणती जुळली. “दहापैकी सहा अर्ज पुराचे,” असे वरिष्ठांना कळवले तर ते वाक्य खरेच ठरेल. फक्त यादीत आलेल्या सहांपैकी चार जण भलतेच, आणि ज्यांचे खरोखर गेले अशा सहांपैकी चार जण यादीबाहेर. रेणापूरचा शेतकरी यादीत आला तो विहिरीतल्या गाळामुळे आलेला नाही, गावाच्या नावाच्या पुण्याईने आला आहे. नीट कारणाने सापडलेली नोंद एकच, निलंग्याची. गणिताच्या वहीत रीत चुकून उत्तर बरोबर आलेले आपण शिक्षक नेहमी पाहतो आणि त्याला पूर्ण गुण देत नाही. इथे मात्र सगळे उत्तरच पाहतात.

या दोन प्रकारच्या चुकांना वेगळी नावे दिली पाहिजेत. संबंध नसताना खूण झाली तर तो ‘खोटा होकार’ आणि संबंध असून खूण झाली नाही तर तो ‘खोटा नकार’. त्यावरून दोन मापे निघतात. खूण झालेल्यांपैकी किती खऱ्या, हा चाळणीचा ‘नेमकेपणा’. आणि खऱ्या असलेल्यांपैकी किती सापडल्या, ही तिची ‘व्याप्ती’. आपल्या उदाहरणात दोन्ही सहापैकी दोन, म्हणजे एक तृतीयांश. खोटे होकार कोणीतरी यादी वाचली की उघडे पडतात, मला फोन आला तो त्यामुळेच. खोटे नकार मात्र बाजूला पडलेल्या ढिगात असतात, आणि तो ढीग सहसा कोणी उघडत नाही. शब्द शोधण्याच्या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ती चुकते याबद्दल तक्रार नाही. तिच्या चुकांपैकी जास्त घातक निम्म्या चुका ती नजरेआड करते.

पूर आणि पुरात

असे का झाले, याचे पहिले उत्तर मराठीच्या तासाला मिळते. उपान्त्य अक्षरातला दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, हा नियम आपण शुद्धलेखनात शिकवतो. फूल–फुलाचा, विहीर–विहिरीत, तसेच पूर–पुरात. माणूस आपले गाऱ्हाणे सांगताना प्रथमेतला ‘पूर’ क्वचितच वापरतो. त्याचे पुरात जाते, पुराने नेते, पुरामुळे राहते. म्हणजे ज्या वाक्यांत खरे दुःख आहे त्यांत ‘पूर’ ही अक्षरे त्या क्रमाने नसतातच. आणि अहमदपूर, रेणापूर, अर्धापूर ही नावे तालुक्याच्या जागी मूळ रूपातच लिहिली जातात. मराठीचे व्याकरण आणि संगणकाची चाळणी यांनी मिळून जणू ठरवून उलटी निवड केली.

दुसरे उत्तर लिपीत आहे. ‘पूर्वीच्या’ या शब्दात डोळ्यांना ‘पूर’ दिसत नाही. तिथे पू आहे आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आहे. पण संगणकाच्या स्मृतीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात: प, दीर्घ उकार, र, हलन्ताचे चिन्ह, मग व. त्यातले पहिले तीन संकेत ‘पूर’शी तंतोतंत जुळतात. ‘अपूर्ण’चेही तसेच.

मग ‘पुर’ही यादीत घाला, असे कोणी सुचवील. मी घालून पाहिला. मुखेड आणि कंधार सापडतात. पण त्यांच्याबरोबर पुरावा, पुरवठा, पुरेसा आणि पुरुष हे शब्दही येतात. ज्या अर्जावर ‘स्त्री/पुरुष’ छापलेले असते तिथे तर सगळेच अर्ज पुराचे होतील. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ अशी सोय वापरली तर अहमदपूर सुटते, पण ‘पुरात’, ‘पुराच्या’ सापडत नाहीत, कारण इंग्रजीत सुटे राहणारे शब्द मराठीत प्रत्यय होऊन नामाला चिकटतात. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानलेच जात नाही. तिथे शब्दाची हद्द कुठे संपते याचाच घोळ होतो.

आणि बिलोली व देगलूरच्या नोंदी? त्यांत पूर नाही, पुरात नाही, काहीच नाही. ‘शेत खरडून गेले’ हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला पुढे काही सांगावे लागत नाही. सुपीक मातीचा थर पाण्याबरोबर जातो आणि खाली मुरूम उघडा पडतो. हा अर्थ शब्दांच्या मागे असलेल्या अनुभवात आहे. यादीत शब्द वाढवत नेले तर तिथवर कधीतरी पोचता येईल, पण आधी कोणीतरी त्या नोंदी वाचल्या पाहिजेत. न वाचता शब्दांची यादी करणारा स्वतःच्या तोंडचे शब्द लिहितो, सांगणाऱ्याचे नव्हे.

उलट प्रकारही आहे. एकच शब्द, दोन वस्तू. ‘वीज’ शोधून विजा पडून झालेले अपघात काढायला जा. वीजबिलाच्या, ट्रान्सफॉर्मरच्या आणि भारनियमनाच्या तक्रारींचा ढीग हाती येईल. त्यात ‘विजेने बैल दगावला’ हे वाक्य नसेल, कारण तिथे वी ऱ्हस्व झाली.

ही अडचण फक्त मराठीची आहे असे मात्र समजू नये. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना. गावाच्या नावात एक असभ्य शब्द दडलेला होता आणि चाळणीने तो पकडला होता. संगणकशास्त्रात अशा चुकीला आजही त्या गावाचेच नाव आहे. आपण आपल्यापुरते तिला ‘अहमदपूरची अडचण’ म्हणायला हरकत नाही.

दिसते तसे नसते

आणखी एक खोड अशी की डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असू शकतात. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातला अर्धा र पाहा. तो युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्ता असलेला वेगळा र वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने टाइप केलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साधी चाळणी ‘सापडला नाही’ असे सांगते. आपल्याकडे सगळ्यात जास्त लागणारा शब्दच असा निसरडा असावा, हा योगायोग त्रासदायक खरा.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये मराठी टंकलेखन होत राहिले. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असतात, आणि त्यांच्यावर मराठी आकारांचे पांघरूण घातलेले असते. अशा फायली नव्या तक्त्यात ओतल्या की तो मजकूर निरर्थक रोमन अक्षरांचा होतो. त्यात ‘पूर’ शोधला तर उत्तर शून्य येणार. ते शून्य आणि पूर न आल्याचे शून्य यांत पडद्यावर काहीच फरक नसतो.

ज्याचे नाव घेत नाहीत

आता जरा गंभीर उदाहरण घेऊ. भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती माणसे मरतात? सरकारी रुग्णालयांच्या नोंदींवरून वर्षानुवर्षे हा आकडा हजार-दोन हजारांच्या आसपास सांगितला जाई. २०११ मध्ये ‘मिलियन डेथ स्टडी’ या प्रकल्पातून वेगळेच उत्तर आले. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतून निवडलेल्या घरांत कार्यकर्ते गेले, मृत्यू कसा झाला हे घरच्यांना विचारले आणि त्यांनी सांगितलेली हकिकत स्थानिक भाषेत उतरवून घेतली. प्रत्येक हकिकत दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवले. सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंच्या हकिकतींत ५६२ मृत्यू सर्पदंशाचे निघाले. त्यावरून २००५ सालासाठी देशाचा अंदाज आला ४५,९००, म्हणजे रुग्णालयांच्या आकड्याच्या तीस पटींहून अधिक.

या तफावतीचे मुख्य कारण असे की सर्पदंशाचे बहुतेक बळी रुग्णालयात पोचतच नाहीत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. त्या हकिकती वाचल्या गेल्या. समजा, मनुष्यबळ वाचवायचे म्हणून त्या संगणकात भरून ‘साप’ आणि ‘सर्पदंश’ हे शब्द शोधले असते तर?

ग्रामीण महाराष्ट्रात सापाचे नाव घेणे, विशेषतः रात्री, लोक टाळतात. ‘जनावर चावलं’, ‘लांबडं डसलं’, ‘पान लागलं’ असे सांगतात. पान लागणे याचा अर्थ सर्पदंश होणे, हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. शहरात वाढलेल्या, तक्ता तयार करणाऱ्या मुलाला ते ठाऊक असेलच असे नाही. या हकिकती चाळणीतून खाली गळून जातील. आणि वर काय राहील? ‘शेतात बेशुद्ध सापडला.’ ‘मोटारसायकलखाली सापडून मृत्यू.’ ‘घरात औषधाची बाटली सापडली.’ साप प्रत्येक वाक्यात आहे, सर्प कशातच नाही. विषबाधा आणि अपघात सर्पदंशात जमा होतील. खरा सर्पदंश ‘इतर’ या खात्यात जाईल. प्रतिसर्पविष कोणत्या आरोग्य केंद्रात किती ठेवायचे हे जर अशा तक्त्यावरून ठरले, तर त्याची किंमत कोण मोजणार हे सांगायला नको.

पावणेदोन कोटी कागद

हा प्रश्न मराठवाड्याने गेल्या काही वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे, आणि तोही संगणकापेक्षा जास्त माणसांच्या डोळ्यांनी. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकाळातील आणि इतर जुन्या कागदपत्रांत ‘कुणबी’ अशी नोंद असलेली कुटुंबे शोधणे आणि प्रमाणपत्रांची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम होते. आरक्षणाचा प्रश्न हा या मासिकाचा विषय नाही. कोणाला काय मिळावे याबद्दल येथे काही म्हणायचे नाही. पण मोकळ्या नोंदींतून एक शब्द शोधण्याचा इतका मोठा प्रयोग आपल्या आसपास दुसरा झालेला नाही, आणि आपल्यापैकी अनेक मुख्याध्यापकांनी शाळेच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या उघडून त्यात भागही घेतला आहे. म्हणून पद्धत म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जुनी कागदपत्रे मोडीत, उर्दूत आणि मराठीत आहेत. ‘कुणबी’ हा शब्द उर्दूत लिहिताना ऱ्हस्व उकार सहसा लिहीत नाहीत. उरतात क, न, ब आणि शेवटची ई. कोणता स्वर घालून वाचायचे हे वाचणाऱ्याच्या अनुभवावर ठरते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. ओळ एकसलग धावते. म्हणजे ‘पूर’ आणि ‘पुर’ हा आपला घोळ मोडीत उद्भवत नाही, पण शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच आधी शोधावे लागते. जुन्या वह्यांत शब्द तोडून लिहिण्याचीही सवय असते. नुसते ‘कु.’ पाहून काय समजायचे? शाळेच्या नोंदवहीत मुलीच्या नावाआधी आलेले ‘कु.’ म्हणजे कुमारी. दुसऱ्या रकान्यात तेच अक्षर आणखी कशाचे तरी संक्षिप्त रूप असू शकते. शिवाय ‘कुणबी’ हा शब्द जातीचे नाव म्हणून आणि शेती कसणारा या सामान्य अर्थानेही वापरलेला आढळतो. रकाना कोणता, लिहिणारा कोण, वही कशासाठी ठेवलेली, हे पाहिल्यावाचून शब्दाला अर्थ येत नाही.

कागद कुठे आहे हाही प्रश्नच. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये, तत्कालीन उस्मानाबादमधून. त्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. लातूरच्या दप्तरात नोंद सापडली नाही याचा एक अर्थ ‘नोंद नाही’ असा होतो आणि दुसरा ‘दप्तर इथे नाही’ असा.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी समितीच्या तोपर्यंतच्या कामाचे आकडे सांगितले. मराठवाड्यात सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या, त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्या. पुढे शोध वाढला तसा हा आकडाही वाढत गेला. ही वाढच आपल्याला काही शिकवते. ११,५३० हा आकडा त्या दिवसापर्यंतच्या शोधाचे माप होता. जगात किती नोंदी आहेत याचे माप नव्हता. पण लोकांनी, वर्तमानपत्रांनी आणि दोन्ही बाजूंच्या वक्त्यांनी तो दुसऱ्याच अर्थाने वापरला.

या आकड्यांवर वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. पावणेदोन कोटींत ११,५३० म्हणजे दर दहा हजारांत सहा-सात. इतकी दुर्मिळ गोष्ट शोधायला समजा आपण एक यंत्र बसवले, आणि ते असंबद्ध नोंदींवर हजारात फक्त एकदा चुकून खूण करते. यंत्र ९९.९ टक्के बिनचूक, असे त्याची जाहिरात सांगेल. पण पावणेदोन कोटींत ते १७,५०० खोटे होकार देईल, म्हणजे खऱ्या नोंदींपेक्षा जास्त! शोधायची गोष्ट जितकी दुर्मिळ, तितके चांगल्या यंत्राच्याही खुणांवर विसंबणे अवघड.

टाकलेला ढीग उघडा

मग शब्द शोधूच नयेत काय? तसे म्हणणे वेडेपणाचे होईल. कोट्यवधी कागद माणसाने एकेक करून वाचावेत ही अपेक्षा कोणी करू नये. गट क्रमांक, वर्ष, अर्जाचा क्रमांक अशा ठाशीव गोष्टींसाठी ही पद्धत उत्तमच आहे. वाचायला आधी काय घ्यावे हे ठरवण्यासाठीही ती चांगली आहे. बिघडते ते खूण हीच नोंद मानली की. चाळणीने केलेली खूण ही शंका असते. ती वाचून खरी करावी लागते. आणि खूण नसणे हे तर काहीच नसते. ते अजून वाचायचे राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे. खूण न झालेल्या ढिगातून चिठ्ठ्या टाकाव्या तशा काही नोंदी काढून पूर्ण वाचायच्या. किती? संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. अशा न नोंदी वाचून एकही खोटा नकार सापडला नाही, तर ढिगातले खोट्या नकारांचे प्रमाण ९५ टक्के खात्रीने ३ भागिले न याहून कमी आहे असे म्हणता येते. ३०० नोंदी वाचून एकही सापडला नाही, तर प्रमाण एक टक्क्याहून कमी. हजार नोंदींच्या यादीत हे समाधानकारक वाटेल: दहाहून कमी सुटल्या. पण पावणेदोन कोटींचा एक टक्का म्हणजे पावणेदोन लाख! म्हणजे मोठ्या ढिगाला मोठा नमुना हवा. तीस हजार नोंदी वाचून एकही निघाला नाही, तरच सुटलेल्या नोंदी १,७५० च्या आत आहेत असे सांगता येईल. तीस हजार हे खूप वाटतात, पण पावणेदोन कोटींपुढे ते पाचशे-सहाशेत एक एवढेच.

म्हणून अशा कोणत्याही शोधाचा आकडा वाचताना, मग तो सरकारचा असो, रुग्णालयाचा असो की आपल्याच शाळेचा, तीन गोष्टी विचाराव्यात. कोणते शब्द, कोणत्या रूपांत शोधले? खूण झालेल्यांपैकी किती माणसाने वाचून पक्क्या केल्या? आणि खूण न झालेल्यांपैकी किती वाचल्या, त्यांत काय निघाले? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आकड्यापुढे ‘निदान’ हा शब्द आपण मनातल्या मनात लिहावा. निदान इतक्या. जास्त किती, ते माहीत नाही.

आता वाक्याचा अर्थ ओळखू पाहणारी नवी संगणक-प्रारूपे आली आहेत. ‘शेत खरडून गेले’ हे पुराचे वाक्य आहे हे त्यांतली काही ओळखतीलही. पण ‘पान लागलं’ त्यांना कळते का, हे पुन्हा टाकलेला ढीग उघडूनच तपासावे लागेल. यंत्र बदलले म्हणून तपासणी सुटत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी संगणकही लागत नाही. मुलांच्या रजेचे पन्नासेक जुने अर्ज घ्या, नावे झाकून टाका. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने अर्ज वाचायचे नाहीत, फक्त ‘ताप’ ही दोन अक्षरे लागोपाठ कुठे येतात ते पाहून खूण करायची. प्रताप, तापमान, संताप, सगळे चालेल. ‘ताप नव्हता, पण पोट दुखत होते’ यावरही खूण करायची. दुसऱ्या गटाने प्रत्येक अर्ज वाचून मूल तापाने आजारी होते का ते ठरवायचे. ‘अंग कणकणत होते’, ‘अंग भट्टीसारखे झाले होते’ यांचे काय करायचे, यावर त्यांच्यात वाद होईल. तो होऊ द्यावा. मग फळ्यावर चार घरांचा तक्ता काढून खरे होकार, खोटे होकार, खोटे नकार आणि खरे नकार भरा. नेमकेपणा आणि व्याप्ती मुलांना काढू द्या. शेवटी विचारा, खोटे नकार किती हे आपल्याला कसे कळले? दुसऱ्या गटाने सगळे वाचले म्हणून, हे उत्तर मुलांनीच दिले पाहिजे.

माझी ती यादी मी नंतर पहिल्यापासून वाचून काढली. एक संध्याकाळ लागली. अहमदपूरच्या बऱ्याच नोंदी काढून टाकल्या, मुखेडच्या घातल्या. वाचता वाचता एका नोंदीपाशी थांबलो. तिच्यात पूर नव्हता, पाणीही नव्हते. ‘सकाळी उठून पाहिलं तर गोठा नव्हता,’ एवढेच लिहिले होते. हे वाक्य पकडणारा शब्द मला अजून सुचलेला नाही.